लुसाकाचा चिकांडा: बाजारातला घ्या, सुपरमार्केटमधला राहू द्या

झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, नव्याने येणाऱ्या आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला, बाहेर व्हेज काय मिळतं, आणि जुन्यांचं उत्तर पण ठरलेलं, काही मिळत नाही हो, कामवाला नावाच्या भागातल्या इंडियन दुकानांतून डाळ-तांदूळ आणा आणि घरीच करून खा. हे काही खरं नाही. न्शिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, दाण्याच्या कुटातली पालेभाजी मिळते, तिला इफिसाशी म्हणतात आणि ती आपल्याला परकी वाटतच नाही, शिजवलेले बीन्स मिळतात, आणि चिकांडा, म्हणजे ऑर्किडच्या कंदाचा आणि दाण्यांचा घट्ट वडीसारखा पदार्थ, मिळतो. हा रिव्ह्यू चिकांड्याचा. कारण तो दिसायला असा काही मांसाच्या रोलसारखा असतो की आपले शाकाहारी लोक लांबूनच नाक मुरडून पुढे जातात आणि मग वर्षभर टोमॅटो सँडविच खाऊन रडत बसतात.

तर आधी हे क्लिअर करते, चिकांड्यात मांस नसतं, अंडं नसतं, दूध पण नसतं. इथे इंग्लिशमध्ये त्याला आफ्रिकन पोलोनी म्हणतात, पोलोनी म्हणजे पोरांच्या डब्यात ब्रेडमध्ये घालतात तो गुलाबी सॉसेजचा रोल, आणि कापलेल्या स्लाइसचं रूप तसंच दिसतं म्हणून हे नाव पडलं. आत काय असतं तर रानटी ऑर्किडच्या वाळवलेल्या कंदांचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, मिरची, मीठ आणि खायचा सोडा. संपलं. सोडा दुकानात मिळायला लागायच्या आधी राखेचं गाळलेलं पाणी घालायचे, काही जुन्या बायका अजूनही तेच घालतात.

ऑर्किड म्हटलं की आपल्याला लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं आठवतात, नाहीतर झाडावरून लोंबणारी सीतेची वेणी. ही ऑर्किडं तशी नाहीत, ही गवतातून, जमिनीतून उगवतात. डिसा, सॅटिरियम, हॅबेनेरिया ही त्यातली मुख्य नावं. झांबियाच्या उत्तरेला डाम्बो म्हणतात तशी पाणथळ गवताळ सखल जमीन खूप आहे, तिथे नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात ही उगवतात, फुलतात आणि पाऊस सरला की वरचा भाग वाळून जातो, खाली कंद राहतो. आणि गंमत बघा, यातली हॅबेनेरिया आपल्याकडे पण आहे, जून-जुलैत कासला किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर गेलात तर गवतात जी पांढरी आमरी दिसते ती याच कुळातली. काष्ठौषधीच्या दुकानात सालममिश्री मिळते ती सुद्धा जमिनीतल्या ऑर्किडचेच कंद, पण आपण ती चिमूटभर पावडर दुधात घालून ताकदीचं म्हणून पितो. इथल्या बेंबा लोकांनी मात्र त्याचं सरळ पोटभर खायचं पक्वान्न केलं, मला हा अॅप्रोच जास्त आवडला.

मुळात हे बेंबा लोकांचं खाणं, म्हणजे कासामा, म्पिका, लुआपुला या उत्तरेकडच्या पट्ट्यातलं. पण आता लुसाकात आणि कॉपरबेल्टला, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, सगळेच खातात, लग्नाआधी नवरीसाठी बायकांची जी किचन पार्टी असते तिथे तर चिकांड्याचा ट्रे असतोच असतो. माझी ओळख ऑफिसमधल्या कासामाच्या कलीगमुळे झाली, तिने डब्यातून स्लाइस पुढे केला आणि म्हणाली खा, तुमच्या देवाला चालेल. चाललं की! मग तिनेच मला सोवेटो मार्केटमधल्या तिच्या ठरलेल्या बाईकडे नेलं.

सोवेटो मार्केट ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, प्रचंड आहे, गर्दी आहे, पर्स पुढे धरा, पावसाळ्यात चिखलात चालायची तयारी ठेवा आणि पांढरे बूट घालू नका. ही बाई आत वाळवणाच्या ओळीत बसते, एका बाजूला सुक्या बारीक मासळीचे, म्हणजे कापेंटाचे ढीग, दुसऱ्या बाजूला वाळवलेल्या अळ्या (हो, अळ्या, बघायचं नसेल तर डावीकडे बघत चला). कापेंट्याचा वास अंगावर येतो हे खरं, शुद्ध शाकाहारी माणसाला तेवढं सहन करावं लागतं. सगळे तिला बा मायो म्हणतात, मी पण तेच म्हणते. तिच्याकडे मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं असतं, त्यात चिकांडा अख्खाच्या अख्खा, पातेल्याच्या आकाराचा, वरून स्वच्छ फडकं. फडकं काढलं की वरची साल दिसते, गडद तपकिरी, मधे मधे तडकलेली, कारण खाली म्बाऊलाची म्हणजे कोळशाच्या शेगडीची आच असते आणि वर पत्र्याचं झाकण टाकून त्यावरही निखारे ठेवलेले असतात. ती सुरी पाण्यात बुडवते, एक लांब फाक कापते, मग त्याचे स्लाइस. सुरीला काही चिकटत नाही, कापलेली बाजू गुळगुळीत, लालसर-करडी, आणि त्यात दाण्याचे पांढरे बारीक ठिपके.

चव सांगायची तर आधी तिखट लागतं, मग दाणे, मग मागून ओल्या मातीसारखा एक वास येतो, तो कंदाचा. पहिल्या घासाला हा वास थोडा विचित्र वाटेल, तिसऱ्या घासाला वाटणार नाही. पोत आपल्या पाटवडीच्या जवळ जाणारा पण जास्त घट्ट आणि लवचिक, दाबला की परत वर येतो. कंदात जो चिकट अंश असतो त्यामुळे हे होतं, बेसन वगैरे काही न घालता दाण्याचा कूट इतका धरून ठेवायचा म्हणजे खायचं काम नाही. वरची साल मिळाली तर सोडू नका, ती खमंग लागते, आणि बा मायोला नेहमीचं गिऱ्हाईक ओळखीचं झालं की ती सालीचा तुकडा वरून टाकते. पोट लगेच भरतं, दोन जाड स्लाइस खाल्ले की दुपारच्या जेवणाची मला तरी गरज राहत नाही.

दर लिहीत नाही, क्वाचाचं, म्हणजे इथल्या चलनाचं, जे चाललंय त्यात पुढच्या महिन्यात तो खोटा ठरेल. पण न्शिमा आणि पालेभाजीच्या मानाने महाग आहे आणि दरवर्षी स्लाइस थोडा पातळ होतोय, हे बा मायो स्वतःच सांगते. का ते खाली येतंच.

तक्रारी पण आहेत. एक म्हणजे वाळू. कंद जमिनीतले, नीट सोलून धुतले नाहीत तर दाताखाली कचकच येते आणि मग कितीही चांगली चव असली तरी मूड जातो. बा मायोकडे असं क्वचित होतं पण अजिबात होत नाही असं नाही. दुसरं सोडा. सोडा जास्त पडला की रंग काळपट होतो आणि साबण चाटल्यासारखं वाटतं. तिसरं, काही विक्रेते कंदाचं पीठ महाग म्हणून हात आखडता घेतात आणि दुसरंच काहीतरी पीठ ढकलतात. ओळखायचं कसं तर स्लाइस हातात धरून हळूच वाकवा, चांगला चिकांडा वाकतो, भेसळीचा किंवा कमी कंदाचा असेल तर मधोमध मोडतो आणि चुरा पडतो. विकत घ्यायच्या आधी एक तुकडा चाखायला मागा, इथे त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

आता सुपरमार्केटचं. शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या तयार खाण्याच्या काउंटरवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चिकांडा मिळतो, एसी, पार्किंग, कार्ड पेमेंट सगळं आहे म्हणून मी मोठ्या हौसेने आणला. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब, स्लाइस गार आणि रबरासारखा चिवट, तिखटाचा पत्ता नाही, सोडा मात्र भरपूर. लेबलवर घटक म्हणून एका ओळीत चिकांडा लिहिलेलं, म्हणजे चिकांड्यात काय आहे तर चिकांडा, वा! काउंटरवरच्या मुलाला विचारलं की यात नक्की काय काय आहे तर तो म्हणाला मॅडम इट्स फ्रेश. बरं. घरी तेलावर परतून पाहिला, तरी सुधारला नाही. भाव बाजाराच्या वर. यासाठी एक स्टार देते तो पार्किंगचा.

रेस्टॉरंटमध्ये पण मिळतो, झांबियन बुफे असतो तिथे चौकोनी तुकडे करून, कधी कांदा-टोमॅटोत परतून. ठीक असतो, पाहुण्यांना दाखवायला बरा. फक्त एक विचारून घ्या, तळणीचं तेल कुठलं आणि त्यात आधी चिकन तळलंय का, कारण बुफेमध्ये चमचे आणि तेल यांचं काही खरं नसतं.

आता तो महागाईचा मुद्दा, आणि हा मला मनापासून लिहायचा होता. चिकांड्याची शेती नाही. सगळाच्या सगळा कंद रानातून खणून येतो. या ऑर्किडच्या एका झाडाला साधारण दोन कंद असतात, एक जुना, ज्याच्यावर यंदाचं झाड उभं आहे आणि जो सुकत चाललाय, आणि एक नवा रसरशीत, जो पुढच्या वर्षीचं झाड. खायला हवा असतो तो नवा. म्हणजे कंद काढला की ते झाड गेलंच. बरं बी पेरून लावावं तर यांचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो, मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि मग कंद धरायला पुढे वर्षं जातात. बटाट्यासारखं फोड करून लावलं आणि आलं असं होत नाही. लंडनच्या क्यू गार्डनच्या शास्त्रज्ञांनी झांबियात यावर काम केलंय, पण बाजारात शेतीचा चिकांडा अजून तरी मला कोणी दाखवलेला नाही.

मग झालं काय, झांबियाच्या उत्तरेतली जवळपासची गवताळ रानं खणून खणून रिकामी व्हायला लागली आणि मागणी तर लुसाकाबरोबर वाढतच गेली, म्हणून कंद आता बाहेरून येतात, काँगोतून, अंगोलातून, मलावीतून, आणि टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून तर पोती भरून, तुंडुमा-नाकोंडे बॉर्डर ओलांडून. त्या डोंगरांत किटुलो नावाचं पठार आहे, साधारण २६०० मीटर उंच, तिथले लोक त्याला देवाची बाग म्हणतात. कासचं पठार मोठं करून उंच नेऊन ठेवा आणि त्यावर जमिनीतली ऑर्किडं चाळीसच्या वर प्रकारची उगवा. २००५ मध्ये त्याचं नॅशनल पार्क झालं, मुख्यतः फुलांसाठी म्हणून केलेलं, जनावरांसाठी नाही, आणि त्याच्या मागे एक मोठं कारण हीच खोदाई होती. २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात चिकांड्याची डीएनए तपासणी केली, आणि त्यात एका जातीचा कंद नव्हता, ऑर्किडच्या बऱ्याच जातींची मिसळ निघाली. म्हणजे खणणारा मिळेल ते खणतो, आणि पातेल्यात नक्की कुठली ऑर्किड गेली हे बा मायोला पण माहीत नसतं. तिला विचारलं तर ती दोनच प्रकार सांगते, चांगला चिकट होणारा आणि न होणारा.

यावर माझं मत विचाराल तर खणणाऱ्या बायकांना शिव्या देणाऱ्यांतली मी नाही. पावसाळ्यात घरातला मका संपत आलेला असतो, नवीन पीक अजून उभं असतं, मुलांची शाळेची फी तोंडावर, आणि डाम्बोत कंद फुकट आहे, कोण नाही खणणार. आपल्याकडे कासला तिकीट काढून जे लोक फुलं तुडवत सेल्फी काढतात त्यांनी या बायांना लेक्चर देऊ नये. पण म्हणून रोज डब्याला चिकांडा नेणं मला पटत नाही. मी तो सणावारी खाल्ल्यासारखा खाते, पाहुणे आले, कोणाचं काही साजरं करायचं असलं, तेव्हा. आणि सुपरमार्केटच्या त्या पाणचट स्लाइसचा मला जास्त राग येतो तो यामुळेच, रानातलं झाड मुळासकट गेलं आणि त्याचं शेवटी काय झालं तर प्लास्टिकमधलं ते रबर, जे निम्मे लोक अर्धं खाऊन टाकून देत असणार.

आता आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न. उपासाला चालतो का? घटक बघितले तर कंद, दाणे, मीठ, मिरची, म्हणजे साबुदाण्यापेक्षा जास्तच सात्त्विक, सोड्याचं काय ते तुम्ही तुमच्या सासूबाईंना विचारा. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली ज्या बाईने केलाय तिने सोवळ्यात केलाय का ते विचार, तर ते जाऊ दे. जैन मंडळींना चालणार नाही, जमिनीखालचा कंद आहे. दाण्याची ॲलर्जी असेल तर लांबच राहा, यात निम्म्याच्या वर दाणेच असतात. लहान मुलांना चालतो पण बा मायोचा तिखट आहे, मुलांसाठी कमी तिखटाचा आदल्या दिवशी सांगितला तर ती वेगळा लावून देते.

घरी करायचा असेल तर वाळलेले कंद पण तिच्याच ओळीत डब्याच्या मापाने मिळतात, छोटे, सुरकुतलेले, करड्या-तपकिरी रंगाचे, खूप कडक. पीठ तयार मिळतं पण मी म्हणेन अख्खे घ्या, पिठात काय मिसळलंय कळत नाही. धुवा, परत धुवा, पूर्ण वाळवा, मिक्सरला लावा आणि चाळा. दाण्याचा कूट कच्च्या दाण्यांचा घ्यायचा, आपल्यासारखा भाजून साल काढलेला नाही, भाजलेल्याचा केला तर चव चांगली येते पण तो चिकांडा होत नाही, बा मायोने तो चाखून नुसती मान हलवली होती. तिचं प्रमाण कंदाच्या एका वाटीला दाण्याच्या दोन. पाणी उकळायला ठेवा, त्यात आधी कूट, मीठ, लाल तिखट, ते उकळून दुधासारखं पांढरं-लाल झालं की आच कमी करून कंदाचं पीठ आणि चिमूटभर सोडा, आणि इथून पुढे हात थांबवायचा नाही, कारण ते बघता बघता असं आळतं की लाकडी चमचा फिरवायला दोन हात लागतात. मग वर झाकण. निखारे नसतील तर ओव्हनमध्ये ठेवा, वरून तपकिरी होईपर्यंत. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम कापला तर लगदा होतो.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या स्लाइसचे तुकडे करून मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत परता आणि वरून लिंबू पिळा. हे इथल्या लोकांना मी सांगत नाही, त्यांना तो अपमान वाटेल, पण कलीगने माझ्या डब्यातून खाल्ला आणि रेसिपी मागून घेतली.

एक महत्त्वाचं. भारतात जाताना कौतुकाने बॅगेत भरू नका, ना कंद ना तयार चिकांडा. सगळी रानटी ऑर्किडं साइटीसच्या, म्हणजे रानटी झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात, आणि त्यात कंद आणि त्यापासून केलेले पदार्थ पण येतात, परमिटशिवाय बॉर्डर ओलांडता येत नाही. कस्टमवाल्याला तुम्ही हे वाटीभर पीठ पाटवडीचं आहे म्हणून समजवत बसाल आणि फ्लाइट जाईल.

रेटिंग: बा मायोच्या चिकांड्याला पाचपैकी साडेचार, अर्धा वाळूचा कापला. रेस्टॉरंटला तीन. सुपरमार्केटचं वर लिहिलंय. जायचं तर शनिवारी सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत पातेलं रिकामं होतं, सुटे क्वाचा जवळ ठेवा, मोबाइल मनी पण चालतं. दुपारी उशिरा गेलात तर उरतात फक्त कडेचे तुकडे, ते ती स्वस्तात देते, घ्या.